लेकरू पडले, आता पाहायचे काय?

शहाबादी फरशीवर लहान मुलाचे डोके आपटल्याचा आवाज घरातल्या माणसांच्या कानांतून लवकर जात नाही. ज्या गावाच्या नावाने ही फरशी महाराष्ट्रात आणि गोव्यातही ओळखली जाते, ते शहाबाद कलबुर्गी जिल्ह्यात आहे. तिथल्या चुनखडीच्या खाणींतून निघालेला हा सपाट दगड शेकडो गावांच्या ओट्यांवर, स्वयंपाकघरांत आणि अंगणांत जाऊन बसला. त्याच जिल्ह्यात, महाराष्ट्राच्या हद्दीलगतच्या आळंद तालुक्यात, मादन हिप्परगा हे गाव आहे. मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा कानांवर पडणाऱ्या या पट्ट्यात मुलाला लेकरू म्हणतात, गोव्यात भुरगे म्हणतात. पडण्याची रीत दोन्हीकडे सारखीच. बाजेवरून, पाळण्यातून, पायरीवरून, कोणाच्या तरी कडेवरून. आणि पडल्यानंतर घराला ग्रासणारा प्रश्नही एकच असतो: आत काही झाले असेल का?

गोव्यातील वाचकाला हा प्रश्न मादन हिप्परग्याच्या निमित्ताने समजून घेणे उपयोगाचे आहे. त्याचे कारण अंतर. गोवा ३,७०२ चौरस किलोमीटरचा. एकट्या कलबुर्गी जिल्ह्याचा विस्तार त्याच्या सुमारे तिप्पट. गोव्यात म्हापसा आणि मडगाव येथे जिल्हा इस्पितळे आहेत आणि बांबोळीला गोमेकॉ आहे. शंका आली की मुलाला गाडीत घालून निघता येते. आळंद तालुक्यातील खेड्यातून मोठे रुग्णालय गाठायचे म्हणजे कलबुर्गीची किंवा सोलापूरची वाट धरायची. रात्रीची वेळ असेल तर आधी वाहन शोधायचे, मग पैसे, मग सोबतीला माणूस. तिथे ‘कशाला उगीच धोका, जाऊन येऊ’ हे वाक्य इतके सहज निघत नाही. म्हणूनच कोणत्या मुलाला न्यायलाच हवे आणि कोणत्या मुलाला घरी बसून पाहिले तरी चालते, हे तिथल्या आईला शहरातल्या आईपेक्षा अधिक नेमके ठाऊक असावे लागते.

आधी आवाजाविषयी. फरशी कठीण असल्यामुळे आवाज मोठा येतो, पण आवाजावरून इजेचे मोजमाप होत नाही. कपाळावर क्षणार्धात वर येणाऱ्या टेंगळावरूनही ते होत नाही. डोक्याच्या त्वचेखाली रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. कपाळावर त्वचा आणि हाड यांच्यात मांस फारसे नाही. साध्या माराने तिथे रक्त साकळते आणि लिंबाएवढा फुगवटा दिसू लागतो. तो पाहून घर हादरते, पण डॉक्टर सहसा तेवढ्याने हादरत नाहीत.

चालायला शिकणारे मूल पडतेच. नवजात बाळाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या जवळपास चौथा हिस्सा असते, प्रौढ माणसात ते सातवा-आठवा हिस्सा राहते. दीड वर्षांच्या मुलाचा तोल त्यामुळे वरच्या बाजूला झुकलेला असतो आणि पडताना डोके पुढे जाते. हात टेकून स्वतःला सावरण्याची सवयही अजून पक्की झालेली नसते. निसर्गाने काही तजवीजही केलेली आहे. या वयात कवटीची हाडे पातळ आणि लवचीक असतात, त्यांचे सांधे पूर्ण जुळलेले नसतात आणि टाळू साधारणपणे बारा ते अठरा महिन्यांच्या सुमारास भरते. मूल स्वतःच्या उंचीवरून, म्हणजे दोन-अडीच फुटांवरून पडते तेव्हा तो आघात बहुधा निभावून जातो. मात्र पातळ हाड मोडायलाही सोपे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असल्यामुळेच नुसत्या अंदाजावर भागत नाही.

हा अंदाज शास्त्राच्या कसोटीवर घासण्याचे मोठे काम अमेरिकेत झाले. बालकांच्या तातडीच्या उपचारांवर संशोधन करणाऱ्या ‘पेकार्न’ या रुग्णालयांच्या जाळ्याने २५ रुग्णालयांत डोक्याला मार लागून आलेल्या ४२,४१२ मुलांची नोंद ठेवली. नेथन कपरमन आणि सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले. ही मुले शुद्धीवर असलेली किंवा किंचित गोंधळलेली अशी होती; बेशुद्धावस्थेत आलेल्यांविषयी मुळात प्रश्नच नव्हता. जमिनीवर उभे असताना किंवा धावताना पडलेली आणि जेमतेम खरचटलेली मुले या अभ्यासात घेतलीच नव्हती. तो मार इतका किरकोळ मानला गेला. घरातले बहुतांश पडणे याच वर्गात मोडते, हे पालकांनी लक्षात ठेवावे.

उरलेल्या मुलांपैकी मेंदूला दखल घेण्याजोगी इजा झाली ती ३७६ जणांना, म्हणजे शंभरात एकापेक्षाही कमी. मेंदूवर शस्त्रक्रिया करावी लागली ती ६० जणांवर. ही संख्या लहान आहे, पण शून्य नाही. त्या साठांना गर्दीतून वेळीच वेगळे कसे काढायचे, हा खरा प्रश्न होता. दोन वर्षांच्या आतील मुलांसाठी उत्तर सहा गोष्टींत सापडले. मूल नेहमीसारखे जागे आणि सावध आहे का? डोक्याच्या मागे, बाजूला किंवा वर फुगवटा आहे का? ते पाच सेकंद किंवा त्याहून अधिक काळ बेशुद्ध पडले होते का? तीन फुटांपेक्षा उंचावरून पडले का, किंवा तितकाच जोराचा दुसरा मार बसला का? चाचपताना कवटीचे हाड मोडल्यासारखे लागते का? आणि शेवटचा प्रश्न, तो डॉक्टरने पालकांना विचारायचा: मूल तुम्हाला नेहमीसारखे वाटते का?

या सहाही बाबतींत काही वावगे नसलेल्या मुलांवर नियमाची पडताळणी झाली, तेव्हा दोन वर्षांखालच्या १,१७६ मुलांपैकी एकालाही गंभीर इजा निघाली नाही. उलट शुद्ध बिघडलेली असेल किंवा हाड मोडल्याचे हाताला जाणवत असेल, तर धोका शंभरात चारांच्या पुढे जातो. अशा मुलाचे सीटी स्कॅन विनाविलंब करतात. बाकीच्या चारांपैकी एखादीच गोष्ट आढळली, तर काही तास निरीक्षण की लगेच स्कॅन, याचा निर्णय डॉक्टर मुलाचे वय आणि प्रकृती पाहून घेतात. तीन महिन्यांच्या आतील तान्ह्या बाळाबाबत मात्र कोणी घरी हिशेब मांडत बसू नये. त्याला दाखवायलाच हवे.

यातील फुगवट्याची जागा हा मुद्दा घराघरांत माहीत व्हावा असा आहे. कपाळाचे हाड जाड. कानाच्या वरचे हाड कवटीत सर्वात पातळ, आणि त्याच्या आतल्या अंगाला लागूनच एक महत्त्वाची धमनी जाते. त्या जागी हाड तडकले तर ती फाटून कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त साचू शकते. त्यामुळे कपाळावरचे कडक टेंगूळ दिसायला भयंकर असले तरी तुलनेने निरुपद्रवी असते. कानाच्या वर किंवा मागच्या बाजूला, केसांत लपलेला मऊ, लिबलिबीत फुगवटा दिसत नाही, पण तोच अधिक गंभीर. पडलेल्या मुलाच्या डोक्यावरून केसांत बोटे घालून हलक्या हाताने सगळीकडे फिरवून पाहणे, हे दिव्याच्या उजेडात एका मिनिटाचे काम आहे.

उंचीचाही अंदाज घरातल्या वस्तूंवरून बांधता येतो. काथ्याची किंवा नवारीची बाज दीड फुटाची, साधा पलंग दोनाच्या आतबाहेर. स्वयंपाकाचा ओटा जवळपास तीन फुटांचा. उभ्या माणसाच्या कडेवर किंवा खांद्यावर असलेल्या मुलाचे डोके मात्र तीन फुटांच्या बरेच वर असते. म्हणून आईच्या वा ताईच्या कडेवरून निसटलेले लेकरू बाजेवरून लोळून पडलेल्या लेकरापेक्षा अधिक काळजीचे. तुळईला टांगलेली साडीची झोळी जमिनीपासून किती वर आहे, हेही यासाठीच पाहायचे. दोन वर्षांपुढील मुलांसाठी हीच मर्यादा पाच फुटांची धरली जाते.

सहावा प्रश्न या सगळ्यांत वेगळा आहे. हजारो मुलांच्या नोंदींतून आलेल्या वैद्यकीय नियमात ‘पालकांना काय वाटते’ याला स्वतंत्र स्थान मिळाले आहे. ‘आज हा नेहमीसारखा नाही’ हे आईचे किंवा आजीचे वाक्य हळवेपणा म्हणून झटकून टाकण्याजोगे नाही, ते लक्षण आहे. दीड वर्षांचे मूल डोके दुखते म्हणून सांगू शकत नाही. ते खेळणे हातात घेत नाही, ओळखीच्या चेहऱ्याकडे पाहून हसत नाही, किंवा कशानेही शांत न होता एका सुरात कण्हत राहते. हा फरक पहिल्यांदाच पाहणाऱ्या डॉक्टरला कळणार नाही, रोज पाहणाऱ्याला कळतो. सीमाभागात मराठी घरातली आई आणि कन्नड बोलणारा डॉक्टर समोरासमोर येतात तेव्हा तर हे नीट पोहोचणे फार महत्त्वाचे. वांती हा शब्द तरी दोन्ही भाषांत एकच आहे.

वांतीबद्दलचा गैरसमजही दूर व्हायला हवा. खूप रडल्यावर, विशेषतः नुकतेच दूध प्यायलेले मूल एकदा ओकते. तेवढ्यावरून मेंदूला मार लागला असे ठरत नाही. पण उलट्या पुन्हा पुन्हा, थांबून थांबून होऊ लागल्या, तर थांबण्यात अर्थ नाही. ब्रिटनमधील मार्गदर्शक सूचनांत तीन किंवा अधिक वेळा झालेली उलटी ही धोक्याची खूण मानली आहे.

पडल्यावर मुलाला झोपू द्यायचे नाही, ही समजूत कोकणापासून कलबुर्गीपर्यंत पक्की आहे. दमलेले, रडून थकलेले लेकरू गालांवर पाणी मारून जागे ठेवले जाते आणि मग ते चिडचिडे झाले म्हणून घर आणखी घाबरते. या समजुतीच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे. कवटीच्या आत धमनीतून रक्त साचत असेल तर मूल सुरुवातीला ठीक दिसू शकते, खेळूही लागते, आणि काही तासांनी दाब वाढला की सुस्तावते. पाहणाऱ्याला ती झोप वाटते. म्हणजे झोपेने इजा होत नाही, झोपेत इजेची लक्षणे झाकली जातात. मूल पडल्यावर लगेच रडले, मग नीट वागले आणि आता त्याची नेहमीची झोपेची वेळ झाली असेल, तर त्याला झोपू द्यावे. मधून मधून त्याचा श्वास आणि रंग पाहावा, एक-दोनदा हलवून जागे करावे. कुरकुरून, डोळे किलकिले करून, हात झटकून ते पुन्हा झोपले तर उत्तमच. हलवूनही जागे होत नसेल, किंवा जागे होऊन ओळखत नसेल, तर ती झोप नव्हे.

पहिले चार ते सहा तास बारीक लक्ष, आणि पुढचे एक-दोन दिवस साधी नजर, असा डॉक्टरांचा शिरस्ता असतो. निरीक्षण म्हणजे काहीच न करणे, असे अनेकांना वाटते. वास्तविक निरीक्षण हीच एक तपासणी आहे, फक्त तिचे यंत्र म्हणजे घरातले माणूस. झटका येणे, हात किंवा पाय एका बाजूने ढिला पडणे, दोन बाहुल्या लहान-मोठ्या दिसणे, कानातून किंवा नाकातून रक्त अथवा पाण्यासारखा स्राव येणे, टाळू वर फुगणे, चालणारे मूल धडपडू लागणे, यांतले काहीही दिसले तर वाट पाहण्याची मुदत तिथेच संपते. १०८ क्रमांक गोव्यात चालतो, कर्नाटकात चालतो आणि महाराष्ट्रातही.

दरम्यान घरगुती उपायांची गर्दी होते. टेंगूळ तळहाताने दाबून ‘बसवणे’, त्यावर तेल चोळणे, हळद-चुन्याचा लेप देणे, गरम शेक देणे. दाबल्याने आणि चोळल्याने रक्तस्राव वाढतो, आणि खाली हाड तडकलेले असेल तर अपाय होतो. ओला गार फडका किंवा कापडात गुंडाळलेला बर्फ काही मिनिटे धरणे पुरेसे आहे. झटका आलेल्या किंवा बेशुद्ध मुलाच्या नाकाला कांदा लावणे आणि तोंडात पाणी घालणे हे प्रकार तर धोकादायक आहेत. पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते. अशा मुलाला कुशीवर वळवावे आणि मान फार न हलवता न्यावे. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे, डॉक्टरांना विचारून. ॲस्पिरिन मुळीच नाही.

आता तपासण्यांकडे. तालुक्याच्या ठिकाणी डोक्याचा एक्स-रे काढून ‘सगळे ठीक आहे’ असे सांगितले की नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो. एक्स-रेमध्ये हाड दिसते, मेंदू दिसत नाही. हाड न मोडताही आत रक्त साचू शकते. म्हणून स्वच्छ एक्स-रेच्या भरवशावर सुस्तावलेल्या मुलाला परत घरी आणणे ही फसगत ठरू शकते. आत पाहायचे तर सीटी स्कॅन.

पण सीटी सर्वांचेच का करू नये? शहरांत हा आग्रह पालकच धरताना दिसतात. ‘एकदा खात्री होऊन जाऊ दे’. ब्रिटनमधील मार्क पिअर्स आणि सहकाऱ्यांनी २२ वर्षांखालील पावणेदोन लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासून २०१२ मध्ये दाखवले की, बालपणी झालेल्या सीटीच्या किरणोत्सर्गाने रक्ताच्या आणि मेंदूच्या कर्करोगाचा धोका वाढतो. वाढ अल्प आहे: दहा वर्षांखालील मुलांच्या दहा हजार डोक्याच्या सीटींमागे पुढील दशकात रक्ताच्या कर्करोगाचा एक आणि मेंदूच्या गाठीचा एक जादा रुग्ण, असा त्यांचा अंदाज. ज्या मुलाला सीटीची गरज आहे त्याच्यापुढे हा धोका नगण्य. ज्याला गरजच नाही त्याने तो का पत्करावा? शिवाय एवढेसे मूल यंत्रात स्थिर पडून राहत नाही. कधी त्याला गुंगीचे औषध द्यावे लागते. बांबोळीत डॉक्टर ‘सीटी नको, इथेच काही तास थांबा’ म्हणाले, तर ती टाळाटाळ समजण्याचे कारण नाही.

मादन हिप्परग्यातल्या कुटुंबापुढचा पेच याच्या उलट आहे. तिथे सीटी जास्त होण्याची भीती नाही, उशिरा होण्याची आहे. म्हणून निरीक्षणाचा नियम अंतराप्रमाणे बदलायला हवा. रुग्णालय अर्ध्या तासावर असेल तर घरी बसून लक्षणांची वाट पाहता येते. ते बरेच लांब असेल आणि वर सांगितलेल्यांपैकी एखादीही शंकेची गोष्ट असेल, तर निरीक्षण रुग्णालयाच्या जवळ जाऊन करावे. निदान दिवस मावळायच्या आत प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवून, गरज पडल्यास रात्री कोणते वाहन मिळेल हे ठरवून ठेवावे. आणि लक्षणे स्पष्ट असतील तर वाटेत छोट्या दवाखान्यांत थांबत न जाता, जिथे सीटी आणि मेंदूची शस्त्रक्रिया दोन्ही होते अशाच ठिकाणी जावे. कलबुर्गी की सोलापूर, हा वाद त्या वेळी घालू नये; जिथे लवकर पोहोचता येईल ते गाव आपले.

अनेकदा उशीर अंतरामुळे होत नाही, घरातल्या बोलण्यामुळे होतो. लेकरू कोणाच्या हातून पडले, हा प्रश्न पहिला विचारला जातो. सुनेच्या हातून पडले असेल तर सासूचा धाक, आजीच्या हातून पडले असेल तर तिची आतल्या आत होणारी तगमग, नऊ-दहा वर्षांच्या ताईच्या कडेवरून पडले असेल तर तिला बसणारा मार. मग ती मुलगी गप्प राहते. कधी पडले, किती उंचावरून, लगेच रडले की मध्ये शांत होते, या ज्या तीन गोष्टी डॉक्टरला हव्या असतात त्या नेमक्या लपवल्या जातात किंवा सौम्य करून सांगितल्या जातात. डॉक्टर हे प्रश्न उलटसुलट विचारतात याचा कित्येकांना राग येतो. सांगितलेले पडणे आणि दिसणारी इजा यांचा मेळ बसतो का, हे त्यांना पाहावेच लागते, कारण बाजेवरून पडून सहसा होत नाही अशी इजा दिसली तर मुलाचे आणखी काही तपासावे लागते. त्या घरात खरे सांगणाऱ्याला अभय मिळाले तर उपचाराचा अर्धा तास वाचतो.

डोक्याच्या काळजीत बाकीचे शरीर विसरले जाते. पडल्यानंतर मूल एक हात वापरत नसेल, अंगरखा घालताना किंचाळत असेल, तर गळ्याजवळचे हाड मोडलेले असू शकते. चालते मूल पाय टेकायला तयार नसेल तर नडगीच्या हाडाला पीळ पडून बारीक चीर गेलेली असते. चालायला शिकण्याच्या वयात ही इजा इतकी नेहमीची की तिला त्या वयाचेच नाव पडले आहे. ती पहिल्या एक्स-रेत दिसतही नाही, आठ-दहा दिवसांनी हाड भरू लागले की दिसते. दोन्ही चांगल्या बऱ्या होतात.

पडण्याच्या जागा मात्र प्रदेशागणिक बदलतात. आळंदच्या बाजूला जुन्या घरांना मातीचे सपाट माळवद असते. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की घरे रात्री त्यावर झोपायला जातात, आणि कठडा सगळ्यांना नसतो. गोव्यात आता बहुमजली इमारती वाढल्या आणि खिडक्या-सज्जे धोक्याचे झाले. न्यूयॉर्क शहराने १९७६ मध्ये लहान मुले राहत असलेल्या भाड्याच्या घरांच्या खिडक्यांना गज बसवणे घरमालकांवर बंधनकारक केले आणि खिडकीतून पडणाऱ्या मुलांची संख्या घटली. गोव्यातल्या बांधकामांवर उत्तर कर्नाटकातून आलेली कुटुंबे राबतात, त्यांची लेकरे अर्धवट जिन्यांशी खेळत असतात. त्यांच्यासाठी खिडकीचा प्रश्न नंतरचा, आधी पाळणाघर हवे.

आणि चाकांचा वॉकर. मूल आत बसवून पायाने ढकलत फिरते तो. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली, कारण मुले त्यासकट जिन्यावरून गडगडत होती. आपला जुना लाकडी पांगुळगाडा याहून निराळा: मूल त्याच्या मागे उभे राहून तो ढकलते, स्वतःच्या पायांवर असते आणि त्याचा वेग त्याच्या चालीइतकाच राहतो. आजोबांनी सुताराकडून करून घेतलेली ती वस्तू माळ्यावर असेल तर खाली काढायला हरकत नाही.

एक शेवटची भीती दोन दिवसांनी येते. मूल बरे आहे, खात-खेळत आहे, आणि सकाळी पाहावे तर दोन्ही डोळ्यांभोवती काळेनिळे. कपाळावर टेंगूळ होते ना, त्यातले साकळलेले रक्त हळूहळू खाली सरकून पापण्यांच्या सैल त्वचेत उतरलेले असते. आठवडाभरात ते हिरवट, मग पिवळे होऊन जाते. कपाळाला काहीच लागलेले नसताना डोळ्यांभोवती किंवा कानामागे असे काळे वर्तुळ उमटले, तर मात्र ते कवटीच्या तळाचे हाड मोडल्याचे चिन्ह असू शकते. अशा मुलाला त्याच घटकेला रुग्णालयात न्यायचे.